ओटा कुणाला विचारून बांधला?

परवा रात्री जेवताना आमच्या थोरलीने एकदम सांगून टाकलं, "मी बारावीनंतर आर्किटेक्चरला जाणार."

ह्यांनी मुकाट्याने आमटी वाढून घेतली. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे काय गं? मिस्त्रीकाम?" धाकटे भाऊजी त्या दिवशी जेवायला होते. ते हसून म्हणाले, "अगं, उन्हातान्हात साइटवर उभं राहायचं, गवंडी आणि सेंट्रिंगवाल्यांशी हुज्जत घालायची. बायकांना जमतं का ते? त्यापेक्षा बी. ए., बी. एड. कर. तुझ्या आईसारखी अर्ध्या दिवसाची शाळा बघ. घरचं बघून होतं." मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "आधी जेवा, ताटं निवताहेत." आणि विषय तिथेच राहिला.

मैत्रिणींनो, खरं सांगू? त्या रात्री मला झोप लागली नाही. "घरचं बघून होतं" हे वाक्य काही खोटं नाही. सकाळी डबे करून मी शाळेत जाते, सातवी-आठवीला इतिहास-भूगोल शिकवते आणि दुपारच्या चहाच्या आत घरी परतते. माझी तक्रारही नाही. पण लेक आशेने माझ्याकडे बघत होती आणि मी ताटं निवल्याचं निमित्त काढलं, हे मनाला लागून राहिलं.

सकाळी उठून नेहमीसारखी पोळ्या करायला ओट्यापाशी गेले. पाट पायाखाली ओढला, वर चढले, आणि तिथेच थबकले. तुम्ही विचाराल, पोळ्या करायला पाट कशाला? तीच तर गोष्ट सांगायची आहे.

आम्ही सिडकोत राहतो. खालचं घर सासऱ्यांच्या वेळचं. सात वर्षांपूर्वी आम्ही वरचा मजला चढवला. ठेकेदार रोज संध्याकाळी यायचा, हे, भाऊजी आणि तो अंगणात खुर्च्या टाकून बसायचे. किती पोती सिमेंट, किती टन लोखंड, सगळी बोलणी व्हायची. मी चहा नेऊन द्यायची. एकदा हिय्या करून म्हटलं, "स्वयंपाकघराचं काय ठरलं?" ठेकेदार अगदी आदराने म्हणाला, "वहिनी, तुम्ही काळजीच करू नका. सगळीकडे देतो तसा फर्स्टक्लास ओटा देतो."

आणि त्याने दिला. छत्तीस इंच उंचीचा, वर काळा कडप्पा. त्यावर शेगडी ठेवली की कुकरची शिट्टी माझ्या नाकासमोर येते. माझी उंची चार फूट दहा इंच. खिडकी पश्चिमेला, म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळच्या स्वयंपाकाला सूर्य थेट तोंडावर. भांडी पालथी घालायला जागा नाही, डाळ-तांदळाचे डबे ठेवायचा कोनाडा माझ्या हाताच्या वर. सात वर्षं मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटते आहे. खांदे दुखतात म्हणून तेल चोळते. यात ठेकेदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने माल चांगला वापरला. फक्त ज्या बाईने तिथे रोज चार तास उभं राहायचं, तिला त्याने विचारलं नाही. आणि मीही दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही.

माझी गोष्ट तर एका ओट्याची. माझ्या मावशीची अख्ख्या गावाची आहे.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्याकडे कुणी विसरणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याकडची जुनी घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर त्या पहाटे अंगावर आलं. हजारो माणसं झोपेतच गेली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. मावशीचं घर पडलं. ती आणि काका त्या रात्री शेतावर होते म्हणून वाचले.

पुढे बावन्न गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली गेली. मावशीचं गाव त्यातलंच. घरं जमिनीच्या हिशेबाने मिळाली. भूमिहीन आणि लहान शेतकऱ्याला अडीचशे चौरस फुटांचं, मधल्याला चारशेचं, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशेचं. रुंद सरळ रस्ते, शहरासारखे प्लॉट. भिंती पक्क्या. मावशी आजही म्हणते, "त्या भिंतीखाली निवांत झोप लागती, हे खोटं बोलायचं नाही."

पण दुसरंही सांगते. जुन्या गावात भिंतीला भिंत होती. विरजण संपलं की परसातून हाक मारायची. दुपारी ओसरीवर चार बाया शेंगा फोडत बसायच्या, तिथंच एकमेकींची सुखदुःखं कळायची. नव्या गावात घरं लांब लांब, जमिनीप्रमाणे वाटणी झाल्यामुळे जुनी शेजारीण गेली दुसऱ्या टोकाला. ओसरी नाही, चुलीला जागा नाही, कणगी ठेवायला कोपरा नाही. मावशीने शेवटी बाहेर चार पत्रे टाकून चूल मांडली. लहानपणी सुट्टीत गेले की मी विचारायची, "मावशी, तुला नाही का गं विचारलं कुणी?" ती म्हणायची, "सह्या तुझ्या काकाच्या होत्या, माय. मला कोण इचारतंय?"

त्या सकाळी पाटावर उभी राहून मला मावशीचं हेच वाक्य आठवलं. मनात आलं, ही घरं, ही गावं ज्यांनी कागदावर काढली, त्यांत एखादी बाई असती तर? आणि अशा बाया कधी झाल्याच नाहीत का? मी इतिहास शिकवते, मला एकही नाव सांगता येईना. म्हणून शोधायला बसले. आठवडाभर शाळेच्या वाचनालयातून आणि लेकीच्या मदतीने जे हाती लागलं, ते तुम्हालाही सांगते.

मुंबईच्या पेरीन मिस्त्री या पारशी बाईंनी १९३६ साली सर जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली. त्या भारतातल्या पहिल्या शिक्षित स्त्री-आर्किटेक्ट मानल्या जातात. वडिलांच्याच कंपनीत त्या शिरल्या आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं काम करत राहिल्या. बंगले बांधले, गिरणीच्या इमारती बांधल्या. म्हणजे आपल्या आज्या नऊवारी नेसून विहिरीवर पाणी शेंदत होत्या, त्या काळात एक बाई मुंबईत गवंड्यांना नकाशा समजावून सांगत होती!

दुसरं नाव वाचून मी चकितच झाले. प्रवीणा मेहता. स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरलेल्या, नंतर अमेरिकेत शिकागोला जाऊन शिकून आलेल्या. १९६४-६५ च्या सुमारास मुंबई माणसांनी फुटायला लागली होती. तेव्हा तिघांनी मिळून एक योजना मांडली, की मुंबई आणखी उत्तरेला ताणण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर वसवा. या तिघांत चार्ल्स कोरिया होते, शिरीष पटेल होते, आणि प्रवीणाबाई होत्या. सरकारने ती कल्पना उचलली आणि ते नवं शहर उभारण्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. याच सिडकोने पुढे त्याच दशकात आपल्या औरंगाबादेतही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नवं शहर वसवायला घेतलं. एन-एक, एन-दोन असे आकडे लावलेल्या ज्या वसाहतींत आपण राहतो, भाजी आणायला जातो, त्यांच्या मागच्या संस्थेचा जन्म ज्या कागदातून झाला, त्यावर एका बाईचं नाव होतं. माझं लग्न होऊन अठरा वर्षं झाली, एवढी वर्षं मी सिडकोत राहते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, हे मात्र मी दरवर्षी वर्गात घोकून घेते!

बाहेरच्या देशांतही हीच कथा. १९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सोव्हिएत देशातली स्टालिनग्राड, मिन्स्क अशी शहरं जवळजवळ जमीनदोस्त झाली होती. लाखो पुरुष रणांगणावर गेलेले. ती शहरं पुन्हा उभी करताना बायकांनी विटा तर उचलल्याच, पण कचेऱ्यांत बसून नकाशेही काढले. आमच्या पाठ्यपुस्तकात सेनापतींची नावं असतात. पडलेलं घर पुन्हा उभारणाऱ्या बाईचं नाव नसतं.

आता जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळते. बृंदा सोमाया. यांचा जन्म १९४९ चा, शिक्षण सर जे. जे. मध्ये आणि नंतर अमेरिकेत. १९७८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं. सोबतीला बहीण होती, रंजिनी कलप्पा. दोघी बहिणींची नावं एकत्र करून संस्थेचं नाव ठेवलं, सोमाया अँड कलप्पा. त्या काळात बाईने दुसऱ्याच्या हाताखाली नोकरी करणं एक वेळ चालायचं. स्वतःची पाटी लावून "तुमची इमारत मला बांधू द्या" म्हणायचं, म्हणजे काय धाडस असेल, तुम्हीच विचार करा. संसार आणि मुलं सांभाळून त्यांनी ते केलं आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ चालवलं.

त्यांनी शाळा बांधल्या, कंपन्यांच्या मोठमोठ्या इमारती बांधल्या. पण मला जास्त आवडलं ते त्यांचं जुनं सावरण्याचं काम. मुंबईचा राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल. १८७८ साली तो पुरा झाला. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी त्याला देणगी दिली ती आईचं नाव देण्याच्या अटीवर. सांगतात, की आईला सूर्यास्तापूर्वी जेवायचं असे आणि घड्याळाचे टोले ऐकून तिला कुणाच्या मदतीशिवाय वेळ कळावी, म्हणून हा मनोरा. आख्यायिका असेल, पण गोड आहे. त्या मनोऱ्याची काही वर्षांपूर्वी नीट डागडुजी झाली ती या सोमायाबाईंच्या देखरेखीखाली. आईच्या नावाच्या मनोऱ्याला एका बाईचा हात लागला.

आणि भूकंप? तोही त्यांच्या वाट्याला आला. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी, मुलं झेंडावंदनाला निघालेली असताना, कच्छमध्ये भूकंप झाला. तिथल्या भदली नावाच्या गावाची पुनर्बांधणी सोमायाबाईंनी हाती घेतली. तिथे त्यांनी काय केलं, तर गाव उचलून दुसरीकडे नेलं नाही. जिथे होतं तिथेच, गावकऱ्यांना बरोबर घेऊन, उभं केलं. हिंदू आणि मुसलमान दोन्ही वस्त्या असलेलं गाव. कुणाचं दार कुठे, कोण कुणाच्या शेजारी, हे गावाला ठाऊक होतं आणि ते मोडायचं नव्हतं. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मावशीची ओसरी आली आणि माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

तुम्ही म्हणाल, म्हणजे बाई आर्किटेक्ट असली की सगळं आपोआप ठीक होतं का? तसं नाही. विचारून बांधणारे पुरुषही आहेत आणि न विचारता बांधणाऱ्या बायकाही असतील. पण ज्या जातीला आयुष्यात कधी कुणी विचारलेलं नाही, तिला विचारण्याची किंमत जास्त कळते, एवढं मात्र मला वाटतं.

भाऊजींच्या शंकेचं उत्तरही मला याच शोधात मिळालं, आणि तेही आपल्याच मराठवाड्यात. किल्लारीनंतर जी गावं जागेवरच राहिली, तिथली घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. हजाराहून अधिक गावं! त्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना पुढे आणलं. त्यांना "संवाद सहाय्यक" म्हणत. काहींचं शिक्षण चौथी-सातवीपर्यंतचं. डोक्यावरचा पदर न ढळू देता या बायका सिमेंट कसं कालवायचं, भिंतीच्या कोपऱ्यात सळई कुठे घालायची हे शिकल्या आणि घरोघर सांगत फिरल्या. गवंड्याने चुकारपणा केला तर त्याला थांबवायला शिकल्या. आणि २००१ मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा लातूरकडच्या याच बायका तिकडे गेल्या, तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला. म्हणजे साइटवर उभं राहणं बायकांना जमतं का, याचा निकाल आपल्या आयाबहिणींनी कधीच लावून टाकला आहे. उन्हात तर आपण पिढ्यान्‌पिढ्या उभ्याच आहोत, टोपल्या डोक्यावर घेऊन. फक्त नकाशा हातात नव्हता.

ज्यांच्या घरी अशीच लेक असेल, त्यांच्यासाठी थोडी माहिती. आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. बारावीला गणित लागतं, तेव्हा दहावीनंतर विषय निवडतानाच लक्ष द्या. नाटा नावाची प्रवेश परीक्षा असते, त्यात चित्रकला आणि निरीक्षण दोन्हींचा कस लागतो. १९७२ च्या कायद्याप्रमाणे परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. खर्च आहे, वर्षंही जास्त आहेत, हे लपवून उपयोग नाही. आमच्याकडेही हिशेब मांडावा लागणार आहे.

आणि ज्यांच्या घरी सध्या बांधकाम निघालं असेल, त्यांनी माझ्यासारखा चहा देऊन गप्प बसू नका. घरात वापरता त्याच चपला घालून सरळ उभ्या राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. तो तुमचा ओटा. शेगडीची जागा जमली तर आणखी थोडी खाली घ्या. घरात दोघी-तिघी स्वयंपाक करत असाल तर जी जास्त वेळ उभी राहते तिचं माप धरा. भिंत उभी राहण्याआधी एकदा संध्याकाळी त्या जागी जाऊन उभ्या राहा, ऊन कुठून येतं ते बघा. हे आकडे कागदावर लिहून ठेकेदाराच्या हातात द्या. तोंडी सांगितलेलं वाळूत जातं.

आता पुढचं. चार दिवसांनी मी जेवताना स्वतःहून विषय काढला. पेरीन मिस्त्रींपासून भदलीपर्यंत सगळं सांगितलं, वर्गात सांगते तसं. सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मग आपल्या खालच्या मोरीची पायरी ही नीट करून देईल का? तीस वर्षं झाली, रोज ठेच लागते." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं! हे म्हणाले, "फीचं बघावं लागेल." नाही म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "माझा पगार थोडा असला तरी तो तिच्या नावाने बाजूला टाकू." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बँकेच्या पासबुकात बघत बसले होते.

प्रवेश मिळेल की नाही, पैसा पुरेल की नाही, आज सांगता येत नाही. पण त्या रात्री मी जे बोलायला हवं होतं, ते उशिरा का होईना बोलले.

काल संध्याकाळी लेक टेप घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, पाटावरून खाली उतर. सरळ उभी राहा. हात वाकव." तिने कोपर मोजलं, वहीत लिहिलं, वजाबाकी केली. "साडेएकतीस इंच. तुझा ओटा साडेचार इंचांनी चुकलाय."

सात वर्षांत प्रथमच कुणीतरी मला माप विचारलं होतं. तुमच्या घरचा ओटा कुणाच्या मापाचा आहे, एकदा मोजून बघा.